बाजारातल्या बारा बिया

काकडी चिरताना देठाकडचा तुकडा कापायचा, कापलेल्या जागेवर घासायचा आणि पांढरा फेस निघाला की फेकून द्यायचा, ही सवय मला लग्नानंतर लागली. माहेरी तिची कधी गरज पडली नाही. आमच्या तवशाला कडू जागाच नव्हती. तवसं म्हणजे पावसाळ्यात वेलावर धरणारी मोठी, जाड काकडी. गौरी-गणपतीच्या सुमारास कोवळी निघते आणि पिकली की तांबूस होऊन अंगावर जाळी धरते. आमच्या घरचं तवसं बुटकं होतं, मानेशी निमुळतं, दिसायला काही खास नाही. पण आई ते वेलावरून तोडलं की पदराला पुसायची आणि देठाच्या बाजूनेच पहिला घास घ्यायची. पनवेलच्या बाजारात भाजी घेऊन बसली की गिऱ्हाइकालाही तोच तुकडा कापून द्यायची. "बग खाऊन," एवढंच म्हणायची. पुढे काही बोलावं लागत नसे.

आमचं गाव आता नाही. तिथे विमानतळ झाला. भावाला दुसरीकडे प्लॉट मिळाला, त्यावर त्याने चार मजले चढवले आणि कडेपासून कडेपर्यंत लादी घातली. आईला तिथे स्वतःची खोली मिळाली, पलंग मिळाला. बोटभर माती मिळाली नाही. गावच्या घरी ती तवशाचं बी राखेत कालवून चुलीमागच्या भिंतीला थापून ठेवायची. नव्या भिंतीला राख धरेना. दोनदा थापलं, दोनदा सकाळी ते जमिनीवर सांडलेलं मिळालं. शेवटी तिने सगळं बी फडक्यात बांधलं आणि माझ्याकडे खांदा कॉलनीत आणून दिलं.

"तुज्याकडं ठेव. तुला गच्ची हाय."

आमची इमारत तीन मजली. गच्चीचा एक कोपरा सगळ्यांनी मला वापरायला दिला होता. तिथे मी चार कुंड्यांत मिरच्या-टोमॅटो लावत असे, त्यापलीकडे माझी मजल नव्हती. आईने बी दिल्यावर मी निळं पिंप अर्धं कापून आणलं, दोऱ्यांचा मांडव बांधला. सलग दोन पावसाळे तवसं झालं. अगदी तेच, तसंच. गाव नकाशावरून पुसलं गेलं आणि त्यातली एक गोष्ट माझ्या गच्चीवर लोंबते आहे, याचा मला गर्व झाला. मी तो लपवलाही नाही. गच्चीवरचे फोटो मी ओळखीच्या प्रत्येकाला पाठवले.

त्या फोटोंमुळेच मी बियांच्या माणसांत जाऊन पोहोचले. नवीन पनवेलमधल्या एका बागेत महिन्यातून एका रविवारी सकाळी दहा-पंधरा जण जमत. जुनं, गावठी बी घरी जपणारी माणसं. विकायचं काही नाही. वर्तमानपत्र अंथरायचं, आपल्या पुड्या मांडायच्या, दुसऱ्याच्या उचलायच्या.

त्या सगळ्यांत मोठ्या एक मावशी होत्या. निवृत्त परिचारिका, पंचाहत्तरीच्या, कोकणातल्या ज्यूंपैकी, बेने इस्रायली. नवरा गेलेला, दोन्ही मुलं इस्रायलला स्थायिक. त्या एकट्या जुन्या पनवेलमध्ये राहत आणि घरामागच्या परड्यात वीस-पंचवीस तऱ्हांच्या भाज्या लावत. हॉस्पिटलातला दरारा त्यांनी बागेतही आणला होता. पुडीवर गाव आणि वर्ष लिहिलेलं नसेल तर ती परत करत. "हे काय, बेवारस मूल आहे का?" असं सगळ्यांदेखत विचारत. कोणाला काय दिलं ते वहीत लिहून ठेवत. वेलभाज्यांच्या दोन जाती शेजारी लावल्या तर मधमाश्या त्यांची भेसळ करतात, हे त्या प्रत्येकाला इतक्या वेळा सांगत की लोक हसायचे. मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने कसं बांधायचं आणि सकाळी नर फूल आणून आपल्या हाताने कसं फळवायचं, हे मला त्यांनीच शिकवलं.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला अबईच्या शेंगांचं बी दिलं, मी न मागता. मोठं, पांढरं, गोट्यांसारखं. "माझ्या आजोळचं आहे," म्हणाल्या. मग सहज विचारलं, "आणि तुझं ते तवसं? पुढच्या खेपेला मला देशील?"

"हो, देईन ना," मी म्हटलं.

त्याच महिन्यात आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. भावाच्या घरी दिवसभर कोणी नसायचं, म्हणून मी तिला माझ्याकडे आणलं. पुढच्या रविवारी बागेत जायचं होतं आणि मावशींना बी द्यायचं होतं. काचेच्या बाटलीत राखेत घातलेल्या एकतीस बिया होत्या. मी बाटली उघडली, दोन बिया हातात घेतल्या आणि परत टाकल्या. देववेना. गटातला एक जण इथलं बी नेऊन पाकिटं करून विकतो अशी कुजबुज होती, ते कारण मी मनाशी पुढे केलं. खरं कारण तेवढंच नव्हतं. गाव गेलं, घर गेलं, आई अशी पडली होती. एवढी एकच वस्तू होती जी फक्त माझ्याकडे होती. ती दुसऱ्याच्या परड्यात लोंबायला लागली तर माझ्याकडे काय उरणार, असं मला वाटलं. नाही म्हणायचं तर मावशींना नाही कसं म्हणायचं, हेही सुचेना.

मी बाजारात गेले आणि एक पिकलेली काकडी आणली. साधारण आमच्यासारखीच दिसणारी. ओट्यावर ती चिरली, बी काढलं, पाण्यात चोळून धुतलं, ताटात पसरलं. आई खुर्चीत बसून बघत होती.

"कोनाचं?" तिने विचारलं. एक शब्द बोलायला तिला केवढा वेळ लागायचा.

"आपलंच, आई."

तिने डावा हात पुढे केला. मी ताट जवळ नेलं. तिने एक बी उचललं, बोटांत फिरवलं, परत ठेवलं.

"नाय," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आपलं दे ना. कोन मांगत असल तं."

मी ताट उचलून आत नेलं. वाळलेल्या बियांपैकी चांगल्या बारा निवडल्या, राखेत घोळल्या, पुडी बांधली आणि तिच्यावर स्वच्छ अक्षरात गावाचं नाव लिहिलं. रविवारी बागेत मावशींनी ती पुडी दोन्ही हातांत घेतली. माझ्या गावाचं नाव मोठ्याने वाचलं आणि सगळ्यांना म्हणाल्या, "हे गाव आता इथे आहे, बरं का." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले.

त्यानंतर मी बागेत जाणं बंद केलं. आईचं कारण होतंच. तिला उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, कूस बदलायची, मग शाळेच्या कचेरीत नोकरीवर जायचं, परत येऊन तेच. तीन पावसाळे गच्चीवरचं पिंप रिकामं राहिलं. आई दर मिरगाला खिडकीकडे बघून विचारायची, "लावलंस?" मी म्हणायचे, "लावते, लावते." तिसऱ्या वर्षी तिने विचारलं नाही. मार्चमध्ये ती गेली.

तिच्यानंतरच्या जूनमध्ये मी फडताळातून बाटली काढली. झाकण गंजून घट्ट बसलं होतं. पक्कडीने उघडलं तर राख ओली, ढेकळं झालेली. बिया एकतीसच होत्या. मी त्या एकेक करून पुसून ताटलीत ठेवल्या.

दहा बिया मातीत लावल्या. आठ दिवस वाट पाहिली, नवव्या दिवशी बोटाने उकरून बघितलं. नुसती टरफलं, आत चिखल. दुसऱ्या दहा कोमट पाण्यात भिजवल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या मागे उबेला ठेवल्या. कोणी ताकात भिजवायला सांगितलं, कोणी हळदीच्या पाण्यात. त्याच दहांवर तेही करून पाहिलं. बुरशी आली. नवरा म्हणाला, "अगं, काकडी बाजारात मिळते. एवढं काय?" मी त्याच्या अंगावर धावून गेले. वीस वर्षांच्या संसारात कधी वापरले नव्हते असे शब्द मी त्या दिवशी वापरले. तो बिचारा पाण्याची बाटली घेऊन गच्चीवर निघून गेला.

उरल्या अकरा. त्या मी ओल्या कापसात घातल्या, कापूस प्लॅस्टिकच्या लहान पिशवीत आणि पिशवी कमरेला साडीच्या आत खोचली, अंगाची ऊब मिळावी म्हणून. तशीच नोकरीवर गेले. फी भरायला आलेल्या पालकांशी बोलताना माझा हात सारखा कमरेकडे जायचा. चार दिवस पिशवी अंगावर होती. पाचव्या दिवशी सकाळी उघडली तर एका बीला पांढरं टोक आलं होतं. मी मोठ्याने रडले. दहा मेल्या होत्या, पण एक जिवंत होती.

ती मी दह्याच्या डब्यात लावली. दोन पानं आली, मग तिसरं खरखरीत पान आलं. स्वयंपाकघरात ऊन पुरेना म्हणून एका सकाळी मी तिला गच्चीवर पिंपात हलवलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर चहाच्या आधी वर गेले. खोड मातीपाशी कापलेलं होतं. शेजारून चकचकीत ओली रेघ पिंपाच्या काठावर गेली होती आणि काठाखाली एक गोगलगाय चिकटून बसली होती. पानं मातीवर आडवी पडलेली. मी ती उचलून पेल्यात पाण्यात ठेवली, मुळं फुटतील म्हणून. कोणालाही कळलं असतं की फुटणार नाहीत. चार दिवस मी तो पेला हलवला नाही. मग पाण्याला वास येऊ लागला.

त्यानंतर मी जी धावाधाव केली तिला काही अर्थ होता असं आता वाटत नाही. भावाकडे गेले. आमच्या गावची जी घरं नव्या प्लॉटांवर आली होती त्यांतल्या प्रत्येक दारात गेले. सगळीकडे लादी, सगळीकडे गाड्या. "तवसं? अगं, ते तर तुज्याच आईकडनं न्यायचो आमी," हेच ऐकायला मिळालं. एका काकूंना आठवलं, आई उरणजवळच्या मोऱ्याच्या एका कोळणीला बी द्यायची आणि तिच्याकडून सुकट घ्यायची. नाव कोणालाच सांगता येईना. मी शाळेतून अर्धी रजा घेतली, बसने उरणला गेले, तिथून रिक्षाने मोऱ्याच्या धक्क्यावर. मासळी वाळत घालणाऱ्या बायकांना आईचं वर्णन सांगत फिरले. तिसऱ्या-चौथ्या घरी एका म्हातारीने डोळे बारीक केले.

"पनवेलला बाजारात बसायची ती? देठ चावायची?"

"हो, तीच. माझी आई."

"हाय ना. मोप बी दिलेलं तिनं. दोन साल लावलं मी. गोड लागायचं." तिने मागच्या दाराकडे हात केला. "मंग पोरांनी मागं खोली काढली. आता कुटं लावतीस?"

"बी ठेवलं नाहीत?"

"संपलं का तिच्याकडनंच आनायची. ती कुटं नाय म्हनायची कदी?" मग तिने विचारलं, "बरी हाय ना ती?"

मी सांगितलं. ती आत गेली आणि कागदात मूठभर सुकट बांधून आणली. मी ती घेतली. परतीच्या बसमध्ये मांडीवर ती पुडी होती आणि एवढ्या लांब जाऊन मी रिकाम्या हाताने चालले आहे याखेरीज मला काही दिसत नव्हतं.

शेवटी मी बियांच्या गटावर निरोप टाकला. शब्द जपून लिहिले. आईच्या घरचं तवसं माझ्याकडून गेलं, तशी काकडी पूर्वी कोणी आमच्या गावाहून आणली असेल तर कळवा. पाच मिनिटांत उत्तरं आली. "अहो, मावशींकडे आहे की! तुम्हीच तर दिलं होतंत." "माझ्याकडेही आहे, मावशींनी दिलेलं." "काळजी करू नका ताई, तुमचं गाव आमच्याकडे सुखरूप आहे." एकामागून एक. मी फोन पालथा ठेवला.

दोन दिवसांनी दारावरची घंटा वाजली. मावशी. गुडघे पार गेलेले, तरी तीन मजले चढून आल्या होत्या आणि कठड्याला धरून धापा टाकत होत्या. घामाने चेहरा भिजलेला. त्यांनी पिशवीतून औषधाची बाटली काढली, बियांनी भरलेली. वर चिठ्ठी, चिठ्ठीवर माझ्या गावाचं नाव.

"तीन वर्षं हाताने फळवलंय," त्या म्हणाल्या. "एक मधमाशी जवळ येऊ दिली नाही. घे. तुझं तुला."

पाणी प्यायल्यावर त्यांनी सांगितलं की दिवाळीनंतर त्या मुलांकडे जाणार, कायमच्या. घर द्यायचं ठरलंय. सगळं बी वाटून मोकळं व्हायचंय. "तुझं हरवलं कळलं तेव्हा म्हटलं, आधी हिला." आणि आईच्या फोटोकडे बघून त्यांनी डोळे टिपले.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडू?" हे शब्द माझ्याच तोंडचे.

त्या गेल्यावर माझं डोकं फिरलं म्हणा. मी स्वतःला पटवू लागले की कदाचित त्या दिवशी माझ्याकडून पुड्यांची अदलाबदल झाली असेल. ताट आईच्या जवळ होतं. तिने डाव्या हाताने दोन-चार आपल्या बिया त्यात टाकल्या असतील. एका बीने सगळं परत येऊ शकतं. मी दिवसदिवस तो प्रसंग आठवत बसायचे आणि त्यात जागा शोधायचे. बाटलीतल्या आठ बिया लावल्या. आठही तरारून आल्या. वेल मांडवावर चढले, फुलं आली, मी संध्याकाळी दोरे बांधले, सकाळी हाताने फळवलं. सप्टेंबरच्या मध्यात पहिलं फळ तोडलं. गच्चीवर उभी राहून, पदराला पुसून, देठाच्या बाजूने चावलं.

कडू. जीभ आखडेल इतकं कडू. आठही वेलांचं एकेक फळ तोडून चावलं. आठवं थुंकल्यावर मी तिथेच ओल्या गच्चीवर बसले.

शनिवार हा त्यांच्या धर्मातला विसाव्याचा दिवस, त्या दिवशी मावशी फोन घेत नसत, म्हणून रविवारी सकाळी थेट त्यांच्या घरी गेले. परड्यात खोकी मांडलेली होती आणि त्या स्टुलावर बसून पुड्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या.

"मावशी, ते बी माझ्या आईचं नव्हतं."

"कुठलं?"

"तवशाचं. मी तुम्हाला दिलेलं. बाजारातून काकडी आणून तिचं काढलं होतं."

त्या अंगठ्याने चिठ्ठी दाबत राहिल्या. "चुकून?"

"नाही. मुद्दाम."

"का?"

मी जे होतं ते सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "नाही म्हणायचं होतंस. मी काय मारणार होते?"

"हिंमत झाली नाही."

"खोटं द्यायची झाली." त्यांनी डिंकाची बाटली बंद केली. "मी अकरा जणांना दिलंय ते. प्रत्येकाला तुझ्या गावची गोष्ट सांगून. मला वाटायचं, मी म्हातारपणी एक तरी बरं काम करतेय." मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, त्या म्हणाल्या, "खरं दिलं असतंस तर आज अकरा घरांत असतं."

हे मला आधीच कळलेलं होतं. पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मी खोक्यांच्या मध्ये खाली बसले. त्यांनी मला उठवलं नाही, पाणीही विचारलं नाही. वही आणली, नावं आणि नंबर वाचले, मी लिहून घेतले.

"फोन करून सांग," त्या म्हणाल्या. "मेसेज टाकून मोकळी होऊ नकोस."

अकरा फोन करायला मला आठ दिवस लागले. काही जण हसले. काही म्हणाले, जाऊ द्या ताई, काकडी ती काकडी. एकीने ऐकून घेतलं आणि काही न बोलता फोन ठेवला. ते बरं वाटलं. शेवटचा फोन शिरढोणच्या एका माणसाला होता. कंपनीत नोकरी, घरची थोडी शेती. बागेत एक-दोनदा बघितलेला, अबोल.

त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे ते बाजारचं होतं?"

"हो. माझी चूक झाली. मला माफ करा."

"नाही, तसं नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे घरची काकडी होती. पट्ट्यापट्ट्यांची, आजोबांच्या वेळेपासूनची. मावशी म्हणाल्या, दोन जाती शेजारी लावू नका. म्हटलं, तुमचं तर गावच गेलं, ते आधी जपू. आमची काय, पुढच्या वर्षी लावू. म्हणून दोन वर्षं लावली नाही."

"आणि बी?"

"यंदा डबा काढला तर उंदरांनी फोडलेला."

मी काहीतरी बोलले असेन. आठवत नाही. "बरं, ठेवतो," तो म्हणाला. रागावला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या धरून बसले असते. आता धरायला काही नव्हतं. माझं गेलं ते गेलं, पण ज्याने माझ्यासाठी आपलं बाजूला ठेवलं त्याचंही गेलं होतं, आणि ते बाजारातल्या बारा बियांसाठी. ते दिवस फार वाईट गेले. जेवण जाईना. कचेरीत पावती फाडताना आकडे चुकायचे. स्वयंपाकघरात आईची खुर्ची अजून होती, तिच्याकडे पाठ करून मी पोळ्या लाटायचे.

पुढच्या रविवारी मी न सांगता शिरढोणला गेले. तो अंगणात स्कूटर धूत होता. मला बघून त्याने नळ बंद केला.

"तुमची काकडी गावात अजून कोणाकडे असेल तर आपण शोधू," मी म्हटलं. "मी घरोघर फिरते. तुम्ही फक्त ओळखायला या."

त्याला ते वेड्यासारखं वाटलं असणार. पण तो आला. पहिल्या रविवारी मी पुढे आणि तो दहा पावलं मागे, जणू माझ्याबरोबर नाहीच. मी दारात उभी राहून विचारायचे, लोक त्याच्याकडे बघायचे. "आता पाकिटातलंच लावतो." "काकडी कोण लावतंय?" "होती सासू होती तेव्हा." असे पाच रविवार गेले. मावशींना फोन करून मी काय चाललंय ते सांगायचे. त्या "बरं" म्हणायच्या आणि ठेवायच्या. दिवाळीनंतर त्या गेल्या. निरोपाला बागेतले सगळे जमले होते. मीही मागे उभी होते. त्यांनी सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्यापाशी आल्यावर "शोधतेस ना अजून?" एवढंच विचारलं आणि पुढे गेल्या.

सहाव्या रविवारी, गावाबाहेरच्या वाडीत, एका गोठ्याच्या पत्र्यावर वाळलेला वेल दिसला. पत्र्यावर दोन पिकलेली फळं पडून होती. तो थांबला. मग जवळजवळ पळतच गेला. फळ हातात घेऊन फिरवलं, पट्ट्यांवरून बोट नेलं. घरातून एक बाई बाहेर आली.

"काकडी कुठची ही, काकी?"

"तुमच्याच घरची की रं. तुज्या आजीनं दिलेली कवा."

तो गोठ्याच्या दगडावर बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत झाकलं. त्या बाईने मला खुणेने विचारलं, काय झालं याला?

काकीने एक फळ दिलं. त्याने ते घरी आणून चिरलं, बी धुऊन ताटात पसरलं आणि वाळल्यावर मला बोलावून त्यातलं निम्मं माझ्या पुढे सारलं.

"मला नको," मी म्हटलं. "माझ्या हातात नको."

"घ्या," तो म्हणाला. "माझ्या एकट्याकडेही नको."

आईचं तवसं मिळालं नाही. सप्टेंबर आला की मी अजूनही बाजारात प्रत्येक टोपलीपाशी थांबते, पण मनातून मला माहीत आहे की ते संपलं आणि माझ्याच हातून संपलं. गच्चीवर यंदा शिरढोणची काकडी झाली, पट्ट्यापट्ट्यांची. पिकलेल्या फळाचं बी घेऊन मी पाच वर्षांनी बागेत गेले. वर्तमानपत्र अंथरलं, पुड्या मांडल्या. लोक येत, वाचत, पुढे जात. तासाभराने एक नवीन बाई थांबली. तिला कोणीतरी माझ्याबद्दल सांगितलं असावं.

"हे नक्की तेच आहे ना?" तिने विचारलं.

मी पुडीवरचा शिरढोणचा नंबर दाखवला. "त्यांना विचारा."

तिने तिथेच, माझ्यासमोर फोन लावला. मी कागदाची कड धरून बसून राहिले. ती दोन पावलं बाजूला जाऊन हळू आवाजात बोलली, परत आली, फोन पर्समध्ये ठेवला आणि चार बिया उचलून घेतल्या.